संशोधनाचा कारभार : रक्ताच्या कर्करोगाच्या अभ्यासात नव्याने येणाऱ्यांसाठी

लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. इस्पितळात सगळे त्याला 'एएलएल' म्हणतात, आपणही तसेच म्हणू. या मुलांना आज दिल्या जाणाऱ्या औषधांची यादी काढून पाहा. प्रेडनिसोलोन, मेथोट्रेक्सेट, सिक्स-एमपी, व्हिन्क्रिस्टिन, ॲस्परॅजिनेज, डॉनोरुबिसिन. यांतले प्रत्येक औषध १९७० च्या सुमारास डॉक्टरांच्या हाती आलेले होते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला या आजाराची शंभरांतली दहा मुलेही पाच वर्षे जगत नसत. आज श्रीमंत देशांत नव्वदीच्या आसपास मुले जगतात. नवी औषधे आली नाहीत असे नाही, आणि काही फार गुणाची आहेत, पण आकड्याची मोठी चढण त्यांच्या आधीच चढून झाली होती. मग मधल्या काळात बदलले काय?

बदलला तो कारभार. कोणत्या मुलाला कोणते औषध, किती, कोणत्या क्रमाने आणि किती महिने द्यायचे, हे एका डॉक्टरच्या अनुभवावरून ठरण्यासारखे नव्हते. त्यासाठी हजारो मुलांच्या नोंदी एकाच पद्धतीने ठेवाव्या लागल्या, त्यांच्या रक्ताचे नमुने वर्षानुवर्षे जपावे लागले, घरी गेलेल्या मुलांचा माग काढावा लागला. या सगळ्याला पैसा कुठून येणार आणि त्याचा हिशेब कोण देणार, हेही ठरवावे लागले. हे काम करणाऱ्यांची नावे शोधनिबंधाच्या शेवटी बारीक टायपातल्या आभारात येतात, आणि बरेचदा तिथेही येत नाहीत. ही प्रस्तावना त्या कामाची आहे. रक्तकर्करोगाचे विज्ञान शिकवणारी पुस्तके पुष्कळ आहेत. ते विज्ञान कशावर उभे राहते, हे मात्र नव्याने येणाऱ्याला कोणी बसवून सांगत नाही.

सुरुवात पैशापासून करावी, आणि मराठी वाचकाला ती मुंबईतूनच करता येते. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १८ जून १९३१ रोजी वेल्समध्ये ल्युकेमियाने वारल्या. त्या काळी या आजारावर क्ष-किरण, सोमल आणि दुसऱ्याचे रक्त याखेरीज डॉक्टरांपाशी काही नव्हते, आणि त्यातून रोगी बरा होत नसे. एप्रिल १९३२ मध्ये दोराबजींनी लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापन केला आणि जूनच्या ३ तारखेला जर्मनीत त्यांचेही निधन झाले. ट्रस्टच्या उत्पन्नाचे पाच वाटे धरले तर चार ल्युकेमियावरच्या आंतरराष्ट्रीय संशोधनाला आणि एक भारतात माणसांचे दुखणे हलके करणाऱ्या वैज्ञानिक कामाला, अशी वाटणी ठरली. परदेशी अर्ज पारखायला शास्त्रज्ञांची सल्लागार समिती लंडनमध्ये असते.

या व्यवस्थेकडे नीट पाहा. पैसा मुंबईचा, पण अट मुंबईची नाही, भारताचीही नाही. ज्या देशातला संशोधक लायक ठरेल त्याला तो मिळावा. आणि लायक कोण, हे टाटांनी किंवा विश्वस्तांनी ठरवायचे नाही, त्या विषयातल्या माणसांनी ठरवायचे. दुःखाच्या भरात माणूस देवळाला पायऱ्या बांधून देतो, इस्पितळाला वॉर्ड देतो, कोनशिला बसवतो. टाटांच्या पैशातून इमारतही झाली. परळचे टाटा मेमोरियल इस्पितळ २८ फेब्रुवारी १९४१ ला उघडले आणि आज देशभरातून माणसे तिथे येतात. पण इमारतीवर नाव कोरता येते, दूरच्या शहरातल्या एखाद्या तरुण संशोधकाच्या दोन-तीन वर्षांच्या पगारावर ते कोरता येत नाही. ज्या आजारावर काहीच चालत नव्हते त्याच्या अभ्यासाला, फळ कधी मिळेल हे न विचारता, दरसाल पैसा देत राहायचे, हा निर्णय मला इमारतीपेक्षा धाडसाचा वाटतो.

मेहेरबाई वारल्या त्याच १९३१ च्या जून महिन्यात ल्युसी विल्स या इंग्रज बाईंचा एक लेख ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. परळच्याच हाफकिन संस्थेत राहून त्यांनी मुंबईतल्या गरीब गरोदर बायकांच्या पांडुरोगाचा अभ्यास केला होता. त्यांत गिरण्यांतल्या कामगार बायकाही होत्या. यीस्टचा अर्क दिला की या बायकांचे रक्त भरून येते, असे विल्सबाईंना दिसले. अर्कातला तो गुणकारी पदार्थ म्हणजे पुढे ओळखले गेलेले फॉलिक ॲसिड. रक्त वाढवणारा हा पदार्थ ल्युकेमियाच्या मुलांना दिला तर आजारच जोर धरतो असे बोस्टनच्या सिडनी फार्बर यांना वाटले. मग त्याची वाट अडवणारे औषध का देऊ नये? तसे औषध लेडर्ले कंपनीत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटाने तयार केले होते. फार्बरनी ते दिले आणि जून १९४८ मध्ये निकाल छापला : सोळा मुले, त्यांतल्या दहांना उतार. उतार टिकला नाही, काही महिन्यांत आजार उलटला, पण तोवर मुलांच्या या ल्युकेमियाने औषधापुढे अशी मान वाकवल्याचे कोणी पाहिले नव्हते.

ही कथा अनेकदा सांगितली जाते आणि नेहमी इथेच संपवली जाते. आपला विषय मात्र इथूनच सुरू होतो. एका इस्पितळात वर्षभरात येणारी मुले किती असणार? आधीच्या औषधापेक्षा नवे सरस आहे की नाही, दोन्ही एकत्र द्यावीत की पाठोपाठ, हे एवढ्या मुलांवरून सांगता येत नाही. योगायोग आणि गुण यांत फरक करायचा तर आकडा मोठा हवा, आणि आकडा मोठा करायचा तर अनेक इस्पितळांनी एकत्र यायला हवे. १९५० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत 'ॲक्यूट ल्युकेमिया ग्रुप बी' या नावाने काही इस्पितळे तशी एकत्र आली. मेथोट्रेक्सेट आणि सिक्स-एमपी कोणत्या वेळापत्रकाने द्यावीत, हा त्यांच्या पहिल्या चाचणीचा प्रश्न होता. निकाल १९५८ मध्ये आला आणि औषधांच्या बाबतीत तो काही गाजण्यासारखा नव्हता. गाजायला हवी होती ती पद्धत : सर्वांचा फॉर्म एक, 'उतार पडला' म्हणजे काय याची व्याख्या एक, मूल कोणत्या गटात जाणार ते डॉक्टरने न ठरवता चिठ्ठी टाकल्यासारखे ठरणार, आणि टेबलाशी पहिल्या दिवसापासून संख्याशास्त्रज्ञ बसलेला. नामवंत डॉक्टरांनी आपली मर्जी बाजूला ठेवून दुसऱ्याच्या फॉर्मवर सही करायला तयार होणे, हे त्या काळात औषध शोधण्यापेक्षा सोपे नसावे.

भारतात ही रीत रुळायला वेळ लागला. १९८४ च्या सुमारास अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या मदतीने 'एमसीपी-८४१' नावाचा उपचारांचा आराखडा मुंबईचे टाटा मेमोरियल, चेन्नईची अड्यार कर्करोग संस्था आणि दिल्लीचे एम्स अशा तीन ठिकाणी सुरू झाला. त्यातली औषधे मुद्दाम भारतात मिळणारी आणि परवडणारी घेतली होती. तोवर पाचांतले जेमतेम एक मूल वाचत होते. आराखड्याने हे प्रमाण दुपटीच्या वर नेले. वीस वर्षांचा हा अनुभव २००५ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाला तेव्हा त्यातून आणखी एक गोष्ट बाहेर आली. आराखडा तोच राहूनही वर्षे जातील तसे निकाल सुधारत गेले होते, आणि त्याचे एक कारण म्हणजे उपचारांच्या त्रासाने, जंतुसंसर्गाने आणि रक्तस्रावाने मरणाऱ्या मुलांची संख्या घटली होती. परिचारिका सरावल्या, रक्तपेढ्या सुधारल्या, ताप आलेल्या मुलाला लगेच दाखल करण्याची शिस्त लागली. ही सुधारणा दिसली ती नोंदी होत्या म्हणून. नोंद ठेवली नसती तरी सुधारणा झाली असती, पण ती कशामुळे झाली हे पुढच्या इस्पितळाला सांगता आले नसते.

नोंदींइतकेच नमुनेही महत्त्वाचे, म्हणून आता नमुन्याच्या एका नळीकडे जवळून पाहू. कंबरेच्या हाडात सुई घालून बोन मॅरो काढतात. पहिल्यांदा ओढलेल्या थोड्या मॅरोत पेशी दाट असतात. त्यानंतर ओढत गेले की त्यात साधे रक्त मिसळत जाते. उपचारांच्या पहिल्या महिन्यानंतर शरीरात आजार किती उरला आहे हे पाहण्याची जी तपासणी असते ती दहा हजार पेशींतली एक रोगट पेशी शोधते. म्हणून तिच्यासाठी पहिली ओढच हवी. ती जांभळ्या झाकणाच्या नळीत जाते. गुणसूत्रे पाहायची तर पेशी प्रयोगशाळेत वाढवाव्या लागतात, त्यांच्यासाठी हिरव्या झाकणाची. हिरव्या नळीतले हेपारिन पीसीआर तपासणीत अडथळा आणते, त्यामुळे नळ्यांची अदलाबदल झाली तर मुलाच्या हाडात पुन्हा सुई घालण्याची पाळी येते. दुसऱ्या ओढीचा पातळ नमुना गेला तर त्याहून वाईट होते. रोगट पेशी सापडत नाहीत, अहवाल 'आजार नाही' म्हणतो, आणि ज्याला कडक उपचार हवे होते त्या मुलाला सौम्य मिळतात. अहवालावर सही तज्ज्ञाची असते, चूक मात्र सुई टोचली त्या टेबलावर, नळ्यांचा क्रम लावताना झालेली असते.

नमुना बाहेरगावाहून येणार असला तर आणखी भानगडी. शनिवारी दुपारी कुरिअरला दिलेला खोका सोमवारी उघडतो, तोवर पेशी मेलेल्या. सोबतच्या कागदावर उपचारांचा कितवा दिवस ते लिहिलेले नसते, आणि दिवस माहीत नसेल तर आकड्याला अर्थ उरत नाही. हे सांभाळणारा माणूस बहुधा विज्ञानाचा पदवीधर असतो, कंत्राटी असतो आणि मोबाइलवर सतत कोणाला तरी 'आज पाठवू नका, उद्या पाठवा' असे सांगत असतो. एखाद्या केंद्राचे संशोधन कसे आहे हे जाणून घ्यायचे असेल तर मी आधी या माणसाशी बोलेन, विभागप्रमुखांशी नंतर.

प्रयोगशाळेच्या पोटातही असाच कारभार आहे, आणि त्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. गोव्यात जन्मलेल्या वसंत रामजी खानोलकरांनी टाटा मेमोरियलची प्रयोगशाळा उभी केली. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या, पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे यांनी इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये पेशी शरीराबाहेर वाढवण्याची प्रयोगशाळा घडवली आणि ल्युकेमियासह अनेक कर्करोगांचा उंदरांवर अभ्यास केला. पण अशा अभ्यासाला लागणारा उंदीर बाजारात मिळत नसतो. एकाच वाणाचे, आनुवंशिक दृष्ट्या सारखे उंदीर हवे असतील तर निदान वीस पिढ्या भावा-बहिणींचा संकर करावा लागतो आणि प्रत्येक वेताची वंशावळ लिहावी लागते. मधल्या एका पिढीत पिंजऱ्यावरची चिठ्ठी बदलली तर त्यापुढचे सगळे प्रयोग शंकास्पद. त्या केंद्राच्या नावाने ओळखला जाणारा 'आयसीआरसी' हा उंदरांचा वाण पुढे तयार झाला, त्यामागे अशीच वंशावळीची वही होती.

इस्पितळाच्या दाराबाहेर गेलेले मूल हा या क्षेत्रातला सर्वांत अवघड भाग. एएलएलचा उपचार दोन-अडीच वर्षे चालतो. पहिल्या काही महिन्यांत मूल खेळू लागते, केस येतात, आणि बिहारहून किंवा मराठवाड्यातून आलेल्या बापाला वाटते, झाले बरे. शेत पडीक असते, धाकटी भावंडे आजीकडे असतात, मुंबईतली खोली परवडत नाही. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या जागा कित्येक कुटुंबांना आसरा देतात, तरी सगळ्यांना पुरणार कुठून? कुटुंब गावी जाते आणि परत येत नाही. टाटा मेमोरियलच्या बालकर्करोग विभागात उपचार अर्धवट सोडण्याचे प्रमाण २००९ च्या सुमारास वीस टक्क्यांच्या आसपास होते. 'इम्पॅक्ट' फाउंडेशनच्या माध्यमातून राहणे, जेवण, पैसा, शिक्षण, समुपदेशन आणि न आलेल्यांना फोन करणे अशी व्यवस्था लावल्यावर ते पाच टक्क्यांच्या खाली आले. पाचांतले एक मूल असे हातातून निसटत असेल तर कोणते नवे औषध एवढा फायदा देणार होते? शिवाय हे निव्वळ समाजकार्य नव्हे. परत न आलेले मूल जगले की गेले हे कळत नाही, आणि अशी मुले वाढली की चाचणीचा निकालच भरवशाचा राहत नाही. समाजसेविकेचा फोन हा संख्याशास्त्राचा भाग आहे.

काही मुले तर इस्पितळापर्यंत पोचतच नाहीत. ताप, फिकटपणा, अंगावर निळे डाग, आणि निदान होण्याआधी मूल 'तापाने गेले'. अशा मृत्यूंची गणती नसेल तर आजार किती आहे हेच कळत नाही. लोकसंख्येवर आधारलेली देशातली पहिली कर्करोग नोंदणी इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबईत १९६३ मध्ये सुरू केली. ग्रामीण भागातली पहिली नोंदणी १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला. शहरात नोंदणी करणारा इस्पितळांचे कागद चाळतो. बार्शीच्या परिसरात चाळायला कागदच नव्हते, म्हणून कर्मचारी गावोगाव जाऊन माणसांना भेटत, कोण आजारी आहे, कोण कशाने वारले ते विचारत. गावात शिरून मरणाबद्दल विचारायचे आणि तरी पुढच्या वर्षी पुन्हा चहाला बोलावले जायचे, हे कौशल्य कोणत्याही अभ्यासक्रमात शिकवत नाहीत.

नियमांचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो तुम्हाला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शिकावा लागेल. चाचणी सुरू होण्याआधी ती भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंदवावी लागते, २००९ पासून हे सक्तीचे आहे. नीतिसमितीची मंजुरी लागते. आईबापांची लेखी संमती लागते, आणि मूल सात वर्षांच्या वर असेल तर त्याचीही तयारी विचारावी लागते. बापाला वाचता येत नसेल तर चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार शेजारी बसवावा लागतो. नवखे लोक या कागदांना कटकट म्हणतात. जुन्यांनाही तसेच वाटते, फक्त ते बोलून दाखवत नाहीत.

गेल्या काही वर्षांत या कामाचे वजन वाढले आहे. २०१६ पासून मुंबई, कोलकाता, दिल्ली, चंडीगड, चेन्नई इथली केंद्रे 'आयसीआयसीएलई' या गटाखाली एएलएलची एकच चाचणी एकाच आराखड्याने चालवू लागली. ४ जून २०२१ ला टाटा मेमोरियलच्या खारघर इथल्या ॲक्ट्रेक केंद्रात देशातली पहिली कार-टी पेशींची मात्रा दिली गेली, आणि आयआयटी मुंबई व टाटा मेमोरियलच्या त्या कामातून निघालेल्या 'नेक्सकार-१९'ला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. या उपचारात रोग्याच्याच पेशी काढून, प्रयोगशाळेत बदलून त्यालाच परत देतात. एकाच्या पेशी दुसऱ्याला गेल्या तर काय होईल ते सांगायला नको. पिशवीवरचे लेबल, फ्रीझरच्या तापमानाची नोंद आणि कोणी कोणाच्या हाती कधी दिले याची सही यांच्याशिवाय ते औषध औषधच ठरत नाही.

एवढे असूनही आपल्याकडे या कामाची कदर नाही, हे स्पष्ट लिहिले पाहिजे. संशोधनाचे अनुदान बहुधा तीन वर्षांचे असते. एएलएलच्या मुलाचा उपचार संपायलाच त्यातली दोन-अडीच वर्षे जातात आणि मूल बरे झाले म्हणायला आणखी काही वर्षे वाट पाहावी लागते. अनुदान संपते, कंत्राटी समन्वयक दुसरीकडे जातो आणि चारशे मुलांचे फोन नंबर कोणत्या वहीत आहेत हे फक्त त्याला ठाऊक असते. यंत्रासाठी कोट्यवधी रुपये मंजूर करणारी समिती ते चालवणाऱ्याच्या पाचव्या वर्षीच्या पगारावर अडते. चाचणी समन्वयक, विदा व्यवस्थापक, नमुनापेढीचा प्रमुख यांना कायम पद, बढतीची वाट आणि शोधनिबंधात नाव मिळाले पाहिजे. लेडी टाटा ट्रस्टने १९३२ मध्ये जे ओळखले, की लांब पल्ल्याच्या आजाराला लांब पल्ल्याचा पैसा लागतो, ते सरकारी अनुदानांना अजून उमगलेले नाही.

तेव्हा या क्षेत्रात या. डॉक्टरच असायला हवे असे मुळीच नाही. संख्याशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, समाजकार्य, वाणिज्य, कायदा, संगणक यांतले काहीही शिकलेल्याला इथे काम आहे. मराठी नीट लिहिता-बोलता येणाऱ्यालाही आहे, कारण संमतीपत्रक आईला समजेल असे लिहिणारी माणसे कमी पडतात. रुजू झालात की पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी करा : चाचणीचा आराखडा पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा, एक दिवस नमुने उतरवून घेणाऱ्या खिडकीपाशी उभे राहा, आणि एक दिवस न आलेल्या मुलांच्या घरी फोन लावणाऱ्या ताईंशेजारी बसा. कर्करोग संस्थांच्या संकेतस्थळांवर प्रकल्पांसाठी माणसे हवी असल्याच्या जाहिराती वरचेवर येतात. त्या बघत राहा आणि अर्ज करा.